तापली की मुकी होणारी डबी

मित्रांनो, कोणी माझे कौतुक करू लागले की मला अवघडल्यासारखे होते. म्हणून मी कोण आहे आणि मी काय केले, ते आधीच सांगते. मी एका जीपगाडीतली जुनी इग्निशनची डबी आहे. काळी, चौकोनी, तळहातावर मावेल एवढी. इंजिनात पेट्रोल पेटायला ठिणगी लागते. ती ठिणगी वेळच्या वेळी पाडणे हे माझे काम. ते मी दीड वर्ष उत्तम केले. पुढे मी अशी बिघडले की एका सरळ माणसाची नोकरी आणि नाव, दोन्ही जायची वेळ आली. दोष माझा होता आणि शिक्षा त्याला होत होती. त्या वेळी मी त्याच्यापासून चार हातांवर बसलेली होते.

माझा जन्म १९८१ साली नाशिकजवळ सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका लहान शेडमध्ये झाला. आम्हा डब्यांचे टाके घालणाऱ्या बाईंचे नाव लताबाई. सोल्डरचा, म्हणजे वितळलेल्या कथलाचा, एक एक टाका त्या डोळ्यांजवळ नेऊन बघत. टाका चकचकीत दिसला तर पुढे, निस्तेज दिसला तर पुन्हा.

माझ्याआधी हे काम कसे होत असे, ते थोडे सांगते. कॉइल म्हणजे तारेची दोन वेटोळी. पहिल्या वेटोळ्यातून बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह वाहतो. तो एकदम तोडला की दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आणि इंजिनातल्या प्लगच्या टोकाशी हवेतून उडी मारतो. ती उडी म्हणजे ठिणगी. सगळे मर्म 'एकदम' या शब्दात आहे. प्रवाह रेंगाळत तुटला तर ठिणगी दुबळी पडते. जुन्या गाड्यांत हा प्रवाह तोडण्याचे काम दोन लहान धातूचे ओठ करत. त्यांना पॉइंट म्हणतात. ते उघडले की प्रवाह तुटे. पण उघडताना त्यांच्यातच बारीक ठिणग्या उडत आणि ते जळून खडबडीत होत. इंजिनाने मिनिटाला तीन हजार फेरे घेतले तर चार सिलिंडरांना मिळून सहा हजार ठिणग्या लागतात. बिचारे ओठ किती टिकणार?

माझ्या पोटात ट्रान्झिस्टर आहे, म्हणजे विजेचा प्रवाह क्षणात चालू-बंद करणारा एक बारीक भाग. मी आल्यावर पॉइंटने फक्त खूण करायची आणि जड प्रवाह मी तोडायचा, अशी वाटणी झाली. मला जळणारे ओठ नाहीत. पण माझ्यातून प्रवाह जाताना थोडी उष्णता माझ्या अंगात राहते. ती बाहेर गेली नाही तर माझे काही खरे नाही. म्हणून माझा तळ ॲल्युमिनियमचा केलेला आहे. तो गाडीच्या उघड्या पत्र्यावर घट्ट बसवायचा आणि मध्ये पांढरी मऊ पेस्ट ठेवायची. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही सपाट दिसले तरी त्यांच्यात बारीक फटी असतात. फटींत हवा असते आणि हवा उष्णतेला सहज वाट देत नाही. पेस्ट त्या फटी भरते. मग माझी उष्णता पत्र्यात जाते आणि पत्र्यावरून वाऱ्यावर.

लताबाईंनी मला सत्तर अंश तापलेल्या पेटीत चार तास चालवून पाहिले. तळाला पेस्ट लावून वर मेणकागद चिकटवला, पाठीवर हिरवा ठिपका दिला आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही कुठं अडायची नाही बघ." माझ्या खोक्यात एक घडीचा कागद ठेवला होता. मला कसे बसवायचे ते त्यावर इंग्रजीत, बारीक अक्षरांत छापले होते.

पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर नाशिकमधल्या एका धर्मादाय दवाखान्याने मला विकत घेतले. दवाखान्याची एक पेट्रोल जीप होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती पेठच्या पलीकडे, सुरगाण्याच्या बाजूच्या पाड्यांवर जाई. तिचा ड्रायव्हर होता सहादू पगारे. चाळिशीचा, कमी बोलणारा. गाडी पुसायला त्याच्याकडे तीन वेगवेगळी फडकी होती आणि काचेचे फडके तो चाकाला कधी लावत नसे.

मला बसवले मल्हारी मिस्त्रीने, नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या त्याच्या गॅरेजात. त्याने मेणकागद सोलला आणि हसला.

"सहादूभाऊ, कंपनीनं लोणी लावून पाठवलीय की डबी!"

"ते कशाला असेल?"

"पॅकिंगचं ग्रीस असंल. गंजू नये म्हणून लावत्यात." मल्हारीने पेट्रोलचा बोळा घेऊन माझा तळ लख्ख पुसला. मग मला हातात तोलून म्हणाला, "लय नाजूक माल हाय हा. घाटातले दणके बसले तर आतलं काहीबाही तुटंल. थांब."

त्याने जुन्या ट्यूबचा एक चौकोन कापला, माझ्या मापाचा, कडा अगदी सरळ. तो पत्र्यावर ठेवून त्यावर मला बसवले आणि स्क्रू आवळले. "घे, गादी दिली तुला. आता झोप निवांत."

रबर उष्णता अडवते, मित्रांनो. चहाच्या गरम किटलीला हँडल कशाचे असते ते आठवा. मल्हारीने मला दुष्टपणाने बिघडवले नाही. त्याने मला जपले. आणि मलाही ती गादी फार आवडली, हे मी लपवत नाही. इतर सुटे भाग पत्र्यावर हादरत होते आणि मी एकटी मऊ बसले होते. मला वाटले, मी कोणीतरी विशेष आहे.

खोक्यातला तो इंग्रजी कागद गॅरंटी कार्डाला टाचून दवाखान्यात गेला. दवाखान्याचे चिटणीस रंगनाथराव कागदपत्रांच्या बाबतीत फार काटेकोर होते. त्यांनी तो फाइलीत लावला, फाइल लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावले. कागद हरवू नये, याची त्यांनी पूर्ण काळजी घेतली.

पहिले दीड वर्ष माझ्या वैभवाचे होते. थंडीतल्या सकाळी दुसऱ्या गाड्या खोकत असताना आमची जीप पहिल्या सेल्फला सुरू होई. मल्हारी नव्या गिऱ्हाइकांना बॉनेट उघडून मला दाखवी. सहादू तर रोज सकाळी माझ्या पाठीवरची धूळ पुसून म्हणे, "ही आहे म्हणून काळजी नाही." त्याचे हे शब्द मला पुढे फार बोचले.

कारण तोवर माझ्या आत वाईट काहीतरी सुरू झाले होते. उष्णतेला खाली वाट नव्हती. रोज मी तापत होते, फुगत होते आणि रात्री निवून आकसत होते. असे शेकडो वेळा झाल्यावर लताबाईंच्या एका टाक्याला केसाएवढी भेग पडली. मी थंड असले की भेगेच्या दोन्ही कडा टेकलेल्या राहत आणि काम नीट चाले. मी फार तापले की कडा विलग होत. मग पॉइंट खूण करत राहत आणि मी मुकी होऊन बसे. ठिणगी बंद, इंजिन बंद. वीसेक मिनिटे गेली की मी निवायची, कडा पुन्हा टेकायच्या आणि जसे काही झालेच नाही.

१९८४ च्या एप्रिलमध्ये हे पहिल्यांदा घडले. पेठच्या रस्त्यावर एक घाट आहे. माथ्याजवळच्या वळणावर वाघदेवाचा खांब उभा आहे. त्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. आसपासच्या पाड्यांवरचे लोक तिथे थांबून नमस्कार करतात. तिथवर येताना जाता-येता दोन्हीकडून चढ लागतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढते, वारा कमी लागतो, बॉनेटखाली भट्टी होते. म्हणून मी नेमकी तिथेच मुकी झाले.

गाडीत नेहमीचे तिघे होते. सहादू, नर्स विमलाबाई आणि कंपाउंडर गोटीराम. सहादू उतरला. त्याने सगळे ड्रायव्हर करतात तेच केले. टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपावर ओले फडके ठेवले. पंप तापला की पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी अडते, हे खरे आहे. उन्हाळ्यात तसे होतेही. पण त्या दिवशी तसे झाले नव्हते. गोटीरामने पिशवीतून नारळ काढला. तो त्याने घरी न्यायला घेतला होता.

"बघत काय बसलात? देवाच्या दारात गाडी अडलीय. काहीतरी मागतोय तो."

त्याने खांब झाडला, उदबत्ती लावली, नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले. तेवढ्यात वीस मिनिटे झाली होती. सहादूने सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली.

"काय म्हटलं होतं मी?" गोटीराम खोबरे चावत म्हणाला. आणि ओले फडके पंपावर होतेच, तेव्हा सहादूलाही वाटले की पेट्रोलचीच भानगड असणार. दोघांनाही पुरावा मिळाला. दोन्ही पुरावे खोटे होते. ते खोटे मी पुरवले होते.

त्यानंतर दर खेपेला नाशिकहून नारळ येऊ लागला. गाडी कधी अडे, कधी अडत नसे. अडली की नारळ, उदबत्ती, वीस मिनिटे. सहादू मात्र शोध थांबवत नव्हता. एकदा त्याने प्लग काढून ठिणगी पाहायचे ठरवले. पण आधी पंपावर फडके, मग पाना शोधणे, मग तापलेला प्लग फडक्याने धरून सोडवणे. तो तार लावून सेल्फ मारेपर्यंत मी निवले होते. प्लगच्या टोकावर निळी, टणक ठिणगी उडाली.

"करंट एक नंबर आहे," तो समाधानाने म्हणाला. "दोष पेट्रोलमध्येच."

मित्रांनो, त्या ठिणगीइतकी लाज मला दुसऱ्या कशाचीच वाटत नाही. ती खोटी साक्ष होती. त्याने पंप बदलला, नळ्या बदलल्या, टाकी धुऊन घेतली. मल्हारीकडे नेले की गाडी दिवसभर तक्रार करत नसे. मल्हारी म्हणे, "डबी सोडून सगळं बघितलं. डबीचा प्रश्नच नाय." सहादूही मान डोलावून म्हणे, "तिला हात लावू नको. तीच एक धड आहे."

आता नारळाबरोबर बोलणेही सुरू झाले. सहादू बौद्ध होता. त्याच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा तो लहान होता आणि तेव्हापासून घरात जे ठरले ते त्याने पाळले होते. वाघदेवाजवळ तो हात जोडत नसे. तो कोणाला अडवतही नसे. इतरांची पूजा चालू असताना तो बॉनेटशी उभा राही.

"सहादूभाऊ," गोटीराम एकदा म्हणाला, "आम्ही नारळ फोडून काय उपयोग? गाडी ज्याच्या हातात, तोच हात जोडत नाय."

"माझे हात स्टिअरिंगवर असतात. ते सोडून जोडले तर आपण सगळेच देवाला समक्ष भेटू."

विमलाबाई हसल्या, गोटीरामही हसला. पण त्याने हे बोलणे पाड्यावर सांगितले आणि पाड्यावर ते हसण्यावारी गेले नाही. 'ड्रायव्हर देवाला मानत नाय, म्हणून दवाखान्याची गाडी अडते,' असे लोक म्हणू लागले. अक्काबाई नावाच्या म्हाताऱ्या सुईणीने तर सहादूला तोंडावर विचारले, "तुला आमचा वाघदेव चालत नाय, तं आमची पोरं तरी चालत्यात का?"

त्या दिवसापासून सहादूने एक वही ठेवली. गाडी किती वाजता अडली, किती वाजता सुरू झाली, ऊन होते की ढग, हे तो त्यात लिहू लागला. मी त्याच्या अक्षरांत पाना-पानावर होते, फक्त माझे नाव कुठे नव्हते.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात मोठा अपराध घडला. लस द्यायचा दिवस होता. पोलिओचे डोस थंड ठेवावे लागतात, म्हणून विमलाबाईंनी थर्मासात बर्फ भरून घेतला होता. त्या दिवशी मी तीनदा अडले. पाड्यावर पोहोचायला दुपारचे दोन वाजले. थर्मासात कोमट पाणी होते. विमलाबाईंनी झाकण लावले आणि जमलेल्या आयांना सांगितले, "आज डोस देता येणार नाहीत." काही बाया दोन डोंगर ओलांडून आल्या होत्या. कोणी ओरडले नाही. त्या मुले उचलून चालू लागल्या, ते ओरडण्यापेक्षा वाईट होते.

दुसऱ्या दिवशी रंगनाथरावांनी सहादूला ऑफिसात बोलावले. विमलाबाई आणि गोटीरामही होते. हे मला नंतर कळले, कारण सहादूने जीपमध्ये बसून ते सारे बोलणे विमलाबाईंशी पुन्हा बोलून पाहिले.

"सहादू, तुझ्या कामाबद्दल माझी तक्रार नाही," रंगनाथराव म्हणाले होते. "पण लोक बोलतात. पाड्यावर आपल्याबद्दल विश्वास राहिला पाहिजे. तू एकदा त्या वळणावर सगळ्यांसमोर हात जोड. विषय मिटेल."

"हात जोडले आणि तरी गाडी अडली, तर साहेब?"

"मग आपण म्हणू की आपल्याकडून जेवढं होतं तेवढं केलं."

"माझ्याकडून एवढं होणार नाही. गाडीत बिघाड आहे. मला तो शोधू द्या."

"वर्षभर शोधतोच आहेस." रंगनाथरावांचा आवाज चढला नव्हता. "महिनाअखेरपर्यंत बघ. नाहीतर एक तारखेपासून मला दुसरा ड्रायव्हर ठेवावा लागेल."

नोकरी जाणे एवढेच नव्हते. 'देवाला मानत नव्हता म्हणून काढला' हे वाक्य त्याच्यामागे नाशिकभर फिरले असते आणि त्याला गाडी कोणी दिली नसती.

महिनाअखेरपर्यंत तीन खेपा उरल्या होत्या. पहिल्या दोन्ही वेळी आभाळ झाकोळलेले होते आणि वारा सुटला होता. मी एकदाही अडले नाही. गोटीराम खूश. सहादू मात्र वळणावर गाडी हळू करून इंजिनाकडे कान लावी आणि पुढे जाताना त्याचा चेहरा पडलेला असे. आयुष्यात एकदा त्याला माझा बिघाड हवा होता आणि नेमकी तेव्हा मी शहाण्यासारखी वागत होते.

तिसऱ्या खेपेला ऊन लखलखीत होते. जाताना आम्ही पहाटेच निघालो, म्हणून अडलो नाही. डोस झाले. दुपारी परतताना वाघदेवाच्या वळणावर मी मुकी झाले. थर्मासात अजून बर्फ होता.

सहादूने वहीत वेळ लिहिली आणि सवयीने ओले फडके उचलले.

"थांबा, पगारे," विमलाबाई म्हणाल्या. "तुमच्या वहीत एक गोष्ट सारखी आहे. ढग असले की अडत नाही. ऊन आणि चढ असला की अडते. थांबली की आपोआप बरी होते. हा ताप आहे. कुठल्या भागाला आहे, एवढंच कळत नाही."

"मग सगळ्यावरच पाणी ओतू," गोटीराम म्हणाला. त्याच्या हातात नारळ तयार होता.

"सगळ्यावर ओतलं तर कोण बरं झालं ते कसं कळणार? एकेकाला बर्फ लावायचा आणि प्रत्येक वेळी सेल्फ मारायचा. गोटीराम, तुमचा नारळ आज जरा थांबू दे."

"देव थांबेल का, बाई?"

"तो इतकी वर्षं या वळणावर थांबलाय. दहा मिनिटं आणखी थांबेल."

त्यांनी बर्फाचे तुकडे औषधाच्या रिकाम्या पिशवीत भरले, म्हणजे कुठे पाणी शिरू नये. मनगटावरचे घड्याळ पाहत पंपावर तीन मिनिटे धरले. सहादूने सेल्फ मारला. इंजिन फिरले, पण पेटले नाही. मग कॉइलवर तीन मिनिटे. पुन्हा नाही. गोटीरामने खांबाकडे आणि मग घड्याळाकडे पाहिले.

"आता काय राहिलं?" विमलाबाईंनी विचारले.

"काही नाही," सहादू म्हणाला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "ही डबी आहे. पण ती..." आणि त्याने माझ्या पाठीवर बोट ठेवले. दुसऱ्या क्षणी हात झटकला. "आई गं! ही तर तव्यासारखी झालीय!"

अडीच वर्षे रोज सकाळी त्याने मला पुसले होते. सकाळी मी थंड असे. तापलेली असताना त्याने मला कधी हात लावला नव्हता, कारण माझ्यावर त्याचा विश्वास होता.

बर्फाची पिशवी माझ्यावर आली. मी आकसले, भेगेच्या कडा टेकल्या. दोन मिनिटे झाली नाहीत तोच सहादूने सेल्फ मारला आणि इंजिन धडधडून उठले.

"नऊ मिनिटं झाली," गोटीराम म्हणाला. "तशीही झाली असती सुरू."

"पंधरा मिनिटांच्या आत ती कधीच सुरू झालेली नाही," सहादूने वही त्याच्यापुढे धरली. "पण तुझं बरोबर आहे. एकदा होऊन भागत नाही. पुन्हा बघू."

त्यांनी गाडी जागेवरच चालू ठेवली. अर्ध्या तासाने मी पुन्हा मुकी झाले. या वेळी विमलाबाईंनी पिशवी गोटीरामच्या हातात दिली. "तुम्हीच लावा." त्याने ती माझ्यावर दाबून धरली आणि तोंडाने आकडे मोजू लागला. शंभराच्या आत इंजिन पेटले. गोटीराम पिशवी धरून तसाच उभा राहिला. पाणी त्याच्या कोपरावरून गळत होते.

"म्हणजे देव नव्हता अडवत," तो म्हणाला.

"त्याचं नाव आपणच पुढे केलं होतं," विमलाबाई म्हणाल्या.

गोटीरामने मग खांबापुढे नारळ फोडला. "त्याचा काय दोष? उगीच त्याच्यावर आळ घेतला आपण." त्याने पहिला तुकडा सहादूपुढे धरला. "प्रसाद म्हणून नको घेऊस. खोबरं म्हणून घे." सहादूने घेतला.

पुढचे काम सहादूने तिथेच केले. तारा सोडवून कॉइल पुन्हा सरळ जुन्या पॉइंटला जोडली आणि मला उतरवले. माझ्याखालचा रबराचा चौकोन उष्णतेने चिकटून काळा झाला होता. नाशिकला आल्यावर मल्हारीने तो चौकोन हातात घेतला आणि बराच वेळ त्याच्या सरळ कापलेल्या कडांवरून बोट फिरवले. "मी तर जपायला गेलो होतो रे," एवढेच तो म्हणाला.

मग आम्ही रंगनाथरावांच्या टेबलावर गेलो. मी, रबर आणि वही. विमलाबाईंनी माझा कागद मागितला. रंगनाथरावांनी कुलूप काढले, फाइल काढली. कागदाची घडी अजून मोडलेली नव्हती. विमलाबाईंनी चौथी ओळ मराठीत वाचून दाखवली. डबी उघड्या धातूवर बसवावी, पांढरी पेस्ट पुसू नये, मध्ये काहीही ठेवू नये.

रंगनाथरावांनी फाइल मिटली. "बरं झालं, सापडलं. सहादू, दुसऱ्या ड्रायव्हरचा विषय संपला. आता यावर पडदा टाकू."

"पडदा नको, साहेब," सहादू म्हणाला. "माझं नाव पाड्यावर खराब झालं. ते इथं दार लावून नीट होणार नाही. जिथं झालं तिथंच सांगा."

पुढच्या मंगळवारी रंगनाथराव स्वतः जीपमधून आले. पाड्यावर आंब्याच्या झाडाखाली माणसे जमली. रंगनाथरावांनी मला हातात धरून बोलायला सुरुवात केली. तांत्रिक दोष, विद्युतप्रवाह, गैरसमज. कोणाला काही कळेना. तेव्हा गोटीराम पुढे झाला. त्याने मला त्यांच्या हातातून घेतले आणि उंच धरले.

"ही बघा. गाडी अडवत होती ती ही. तापली की बंद पडायची. आम्ही नारळ फोडायचो तवर निवायची. पगारेंचा काही दोष नव्हता. त्यांच्याबद्दल जे पसरलं ते मी पसरवलं होतं. ते खोटं होतं."

इतक्या माणसांनी मला एका वेळी कधीच पाहिले नव्हते. गॅरेजात मला दाखवत तेव्हा मला गर्व वाटे. त्या दिवशी तिथे लपायला जागा असती तर मी लपले असते. पण मनातून मला एवढेच वाटत होते की गोटीरामने मला आणखी थोडे उंच धरावे, म्हणजे मागे उभ्या असलेल्यांनाही दिसेल.

अक्काबाई काठी टेकत पुढे आली. तिने मला उलटसुलट करून पाहिले. "ही? येवढीशी?"

"एवढीशीच, आजी," सहादू म्हणाला.

म्हातारी थोडा वेळ माझ्याकडेच बघत राहिली. तिला सहादूकडे बघवत नव्हते. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी तुला लय वंगाळ बोलले रं, बाबा."

सहादूने तिच्या हातातून मला घेतले. "माझ्याकडेही वर्ष होतं, आजी. मीही हिला तापलेली असताना हात लावून पाहिला नाही."

त्याने दोष वाटून घेतला. तो सगळा माझा होता, मित्रांनो, आणि तरी त्याने थोडा आपल्या अंगावर घेतला. हे मला आजही सहन होत नाही.

मी पुन्हा गाडीत बसले नाही. माझ्या जागी दुसरी डबी आली. सहादूने तिची पेस्ट राखली आणि पत्रा घासून उघडा केला. मला दवाखान्यातल्या काचेच्या फळीवर ठेवले आहे. येणारे जाणारे मला सुंदर म्हणतात.

तेव्हा माझी एकच विनंती ऐका. नव्या वस्तूबरोबर आलेला कागद कुलपात ठेवण्याआधी वाचा, आणि वाचता येत नसेल तर वाचून घ्या. वस्तूला जपताना तिला काय हवे ते विचारा, आपल्याला काय द्यावेसे वाटते ते नव्हे. आणि एखादे यंत्र बंद पडले, की जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवू नका. ते बोट आधी यंत्रावर ठेवून पाहा. कदाचित भाजेल. भाजले तर फुंकर घाला, दोन दिवसांत बरे होते. माणसाच्या नावावर पडलेला डाग दोन दिवसांत जात नाही.